स्कूल बोर्डासमोरची तीन मिनिटे

या अंकासाठी अमेरिकेतून आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात: स्कूल बोर्डाच्या बैठकीत सामान्य माणसाने बोलायचे कसे, आणि त्याला कोठे थांबवायचे हे ठरवायचे कोणी? भारतातील वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. तेथील सार्वजनिक शाळांचा कारभार स्थानिक ‘डिस्ट्रिक्ट’च्या हाती असतो आणि त्यावर बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडून दिलेले बोर्ड असते. सुपरिंटेंडंटची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याची, नेमणूक, अंदाजपत्रक, सुट्ट्यांचे वेळापत्रक, कोणत्या वस्तीतील मुले कोणत्या शाळेत जाणार याच्या हद्दी, हे सारे त्या बोर्डाच्या जाहीर बैठकीत मंजूर होते, आणि त्याच बैठकीत ‘पब्लिक कमेंट’साठी काही वेळ राखलेला असतो. नियम राज्याराज्यांत वेगळे असल्याने प्रत्येक उत्तर पत्रलेखकाच्या राज्यापुरते समजावे.

प्रश्न: मुलीच्या संघाच्या प्रशिक्षकांच्या वागणुकीविषयी मी बोर्डाच्या बैठकीत बोलत होतो. त्यांचे नाव घेताच अध्यक्षांनी हातोडा आपटला, ‘येथे कर्मचाऱ्यांविषयी बोलता येणार नाही’ असे सांगितले आणि माईक बंद करायला लावला. त्याच संध्याकाळी दुसऱ्या पालकाने एका शिक्षिकेचे नाव घेऊन तोंडभर कौतुक केले, तेव्हा मात्र कोणी हरकत घेतली नाही. हे नियमाला धरून आहे का?
(एक वाचक, मध्य न्यू जर्सी)

उत्तर: आपल्या पत्रातील शेवटची माहिती सर्वांत महत्त्वाची आहे. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे शिक्षण मंडळाला प्रत्येक बैठकीत जनतेसाठी वेळ राखावाच लागतो. तो किती असावा हे मंडळ ठरवते, आणि डिस्ट्रिक्टमधील रहिवाशांच्या चिंतेचा वाटेल असा शाळांसंबंधीचा कोणताही विषय त्यात मांडता येतो. अशा राखून ठेवलेल्या वेळेला न्यायालये ‘मर्यादित जाहीर व्यासपीठ’ मानतात. म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटे, आधी नावनोंदणी, शाळेशी संबंध नसलेल्या विषयांना बंदी, असे निर्बंध बोर्ड घालू शकते. मात्र विषय एकदा खुला केल्यावर त्यावरील एका बाजूच्या मताला वाव आणि दुसऱ्या बाजूला मज्जाव असे करता येत नाही. नाव घेऊन कौतुक चालते आणि नाव घेऊन तक्रार चालत नाही, तेव्हा ती बंदी नावावरची राहत नाही, मतावरची होते.

याचा निवाडा आपल्याच राज्यात झालेला आहे. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टमधील एका वडिलांना मुलींच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाविषयी बोलताना अध्यक्षांनी थांबवले होते. त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला, हा ज्युरीचा निष्कर्ष न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायम ठेवला. मनस्तापापोटी मिळालेली एक लाख डॉलरची भरपाई मात्र टिकली नाही. त्याआधी, १९९६ मध्ये, कॅलिफोर्नियातील मोरेनो व्हॅली डिस्ट्रिक्टचा ‘जाहीर बैठकीत कर्मचाऱ्याचे नाव घेऊन तक्रार करू नये’ हा नियम संघीय न्यायालयाने रोखला होता. ओहायोतील मॅडिसन डिस्ट्रिक्टच्या २०२१ मधील खटल्यात ‘शिवराळ’, ‘व्यक्तीला उद्देशून’ आणि ‘वैरभावाचे’ बोलणे वर्ज्य करणारा नियमही घटनाबाह्य ठरला, कारण कोणाला तरी झोंबते एवढ्यावरून एखादे मत बंद करता येत नाही. त्याच निकालात आधी स्वतः येऊन नाव नोंदवण्याची अट मात्र योग्य ठरली. फ्लोरिडातील ब्रेव्हार्ड काउंटीच्या शाळांविरुद्धचा २०२४ चा निकालही साधारण याच दिशेचा आहे. तो खटला ‘मॉम्स फॉर लिबर्टी’ या पालकांच्या पुराणमतवादी संघटनेने चालवला होता आणि तिची मते आमच्या अनेक वाचकांना मुळीच पसंत नसतील. पण त्या निकालाचा आधार उद्या तिच्या विरोधकांनाही तितकाच घेता येईल. ओहायो आणि फ्लोरिडातील हे निकाल न्यू जर्सीवर बंधनकारक नाहीत, तरी बोर्डाचे वकील ते वाचून असतात.

आता करायचे काय? बैठकीचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण आणि जनसहभागाच्या उपनियमाची प्रत बोर्डाच्या सचिवांकडे लेखी मागा. न्यू जर्सीतील अनेक डिस्ट्रिक्टांत हा उपनियम ०१६७ या क्रमांकाखाली सापडतो. नंतर बोर्डाला एक पानाचे पत्र लिहा, ज्यात कौतुकाची वेळ आणि आपल्याला थांबवल्याची वेळ मिनिटासह नोंदवलेली असेल. बहुधा अध्यक्ष वकिलांना विचारतील आणि पुढच्या बैठकीत आपल्याला बोलू देतील.

बोर्ड त्या प्रशिक्षकांविषयी आपल्याशी चर्चा करील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. नोकरीविषयी चर्चा होणार असेल तर कर्मचाऱ्याला आगाऊ लेखी सूचना द्यावी लागते. १९७७ च्या एका खटल्यावरून तिला तेथे ‘राइस नोटीस’ म्हणतात, आणि ती चर्चा बंद दाराआड करायची की खुली, यात कर्मचाऱ्याचाही शब्द चालतो. म्हणून क्रीडाप्रमुख, मुख्याध्यापक, सुपरिंटेंडंट या क्रमाने लेखी तक्रार आधी गेलेली असावी. माईकवर बोलताना प्रशिक्षकांच्या स्वभावावर शेरे मारण्यापेक्षा कोणत्या दिवशी, कोणासमोर, काय घडले ते सांगा. खोट्या आरोपावरून बदनामीचा दावा होऊ शकतो, पाहिलेल्या गोष्टीवरून तो उभा करणे अवघड असते.

प्रश्न: आम्ही चार पालक गणिताच्या वर्गांतील बदलांविषयी पोटतिडकीने बोललो. सदस्य ढिम्म बसून राहिले, ‘धन्यवाद, पुढचे वक्ते’ एवढेच म्हणाले. आधी सर्वांना मिळून पाठवलेल्या ई-मेललाही उत्तर आले नव्हते. हा अपमान नव्हे तर काय?
(एक वाचिका, सॅन होजे परिसर)

उत्तर: अपमान वाटणे स्वाभाविक आहे, पण या मौनाचा बराचसा भाग कायद्याने लादलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राउन कायद्याप्रमाणे नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, आणि तिच्यावर नसलेल्या विषयावर बोर्डाला चर्चा किंवा ठराव करता येत नाही. आपण बोललात तो विषय त्या दिवशीच्या पत्रिकेवर नसेल, तर सदस्य थोडक्यात प्रतिसाद देऊ शकतात, खुलासा विचारू शकतात, विषय कर्मचाऱ्यांकडे सोपवू शकतात किंवा पुढच्या पत्रिकेवर घ्यायला सांगू शकतात. त्यापुढे गेले तर बैठकीला न आलेल्या, पण त्याच विषयात रस असलेल्या नागरिकावर अन्याय होतो, असा त्यामागचा विचार आहे. ई-मेलचेही तसेच. बहुसंख्य सदस्यांनी आपापसांत, एकेकाने एकेकाला कळवत का होईना, एखाद्या प्रश्नावर बैठकीबाहेर चर्चा केली तर ती बेकायदा बैठक ठरते; सर्वांना एकत्र पाठवलेल्या पत्राला ‘सर्वांना उत्तर’ द्यायला सदस्य कचरतात ते यामुळे. त्याऐवजी एकेका सदस्याला स्वतंत्र पत्र पाठवून पाहा.

ऐकून घेण्याची सक्तीही घटना करत नाही. मिनेसोटातील कम्युनिटी कॉलेजांच्या खटल्यात १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की धोरण ठरवणाऱ्या सार्वजनिक संस्थेने आपले म्हणणे ऐकलेच पाहिजे, असा घटनात्मक हक्क नागरिकाला नाही. बोलण्याची संधी मिळते ती राज्याच्या कायद्यामुळे, आणि त्या कायद्याचा पुरेपूर उपयोग बहुतेक पालक करत नाहीत, असे मला वाटते.

कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेचे कलम ३५१४५.५ पाहा. डिस्ट्रिक्टच्या कामाशी थेट संबंध असलेला विषय विषयपत्रिकेवर घालण्याची मुभा ते जनतेला देते. त्यासाठी बोर्डाने वाजवी नियम करायचे असतात. ते मिळवा आणि गणिताचा विषय रीतसर मागणी करून पत्रिकेवर आणा, म्हणजे सदस्यांना उत्तर देण्याची मोकळीक मिळेल आणि गप्प बसण्याची सबबही उरणार नाही. दुसरे असे की, पत्रिकेवरील विषयावर बोर्डाने निर्णय घेण्यापूर्वी किंवा घेत असताना बोलू देणे कायद्याने बंधनकारक आहे. निर्णय झाल्यावर शेवटी वेळ ठेवणे पुरेसे नाही. आणि ‘कन्सेंट कॅलेंडर’ नावाचा जो गठ्ठा एका मतदानात, वाचूनही न दाखवता मंजूर होतो, तो घरी बसून ओळ न ओळ वाचा. पाठ्यपुस्तकांची खरेदी आणि सल्लागारांची कंत्राटे पुष्कळदा तेथेच असतात, आणि तो मुद्दा वेगळा काढून चर्चेला घ्यावा अशी विनंती मतदानाआधी करता येते. चार जणांनी तेच चार वेळा सांगण्यापेक्षा हे एक काम अधिक पदरात पाडून देते.

प्रश्न: आमच्या मंडळातील चाळीस कुटुंबांना दिवाळीच्या सुट्टीसाठी बोर्डापुढे बोलायचे आहे. सर्वांना वेळ मिळेल का? न्यूयॉर्कला जमले, मग आमच्याकडे का नाही?
(एका महाराष्ट्र मंडळाचे सदस्य, शिकागोची उपनगरे)

उत्तर: सर्वांना वेळ मिळेल याची खात्री नाही. इलिनॉयच्या खुल्या बैठकांच्या कायद्याप्रमाणे कोणालाही बोलण्याची संधी द्यावी लागते, पण ती बोर्डाने ठरवून नोंदवलेल्या नियमांप्रमाणे. पब्लिक कमेंटचा एकूण वेळ समजा अर्धा तास असा बांधलेला असू शकतो, आणि एकाच मुद्द्यावर आलेल्या गटाने एक प्रतिनिधी निवडावा अशी विनंतीही होऊ शकते. तीन वक्ते निवडा आणि बाकीचे सदतीस त्यांच्या मागे उभे राहतील असे पाहा. बोर्डाच्या सदस्यांना मोजदाद चांगली कळते.

न्यूयॉर्क शहराच्या शाळांना दिवाळीची सुट्टी मिळाली ती राज्य विधिमंडळाच्या कायद्याने, ज्यावर गव्हर्नरांची सही २०२३ मध्ये झाली. कॅलिफोर्नियानेही २०२५ मध्ये दिवाळीला राज्य सुट्ट्यांच्या यादीत घेतले. आपला प्रश्न तेवढा मोठा नाही, तो एका डिस्ट्रिक्टच्या वेळापत्रकाचा आहे, आणि त्याचे उत्तर वेगळ्या मार्गाने मिळते. अमेरिकेत सार्वजनिक शाळा एखाद्या धर्माला मान द्यायचा म्हणून बंद ठेवता येत नाही. त्या दिवशी इतकी मुले आणि शिक्षक गैरहजर राहतात की शाळा चालवणे निरर्थक ठरते, असे व्यवहाराचे कारण बोर्डाला द्यावे लागते. म्हणूनच रामाचे अयोध्येला परतणे, दिव्यांचे महत्त्व, फराळाची ताटे, या गोष्टींवर तीन मिनिटांतली अडीच खर्च करणारी भाषणे कितीही मनापासून केलेली असली तरी बोर्डाच्या हाती काही देत नाहीत. गेल्या दोन-तीन वर्षांत त्या दिवशी प्रत्येक शाळेत किती विद्यार्थी आणि किती शिक्षक गैरहजर होते, याची नावांशिवाय आकडेवारी राज्याच्या माहिती अधिकार कायद्याखाली मागा. सर्वसाधारणपणे पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर देणे किंवा मुदतवाढीचे कारण कळवणे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. मात्र त्या वर्षी दिवाळी शनिवार-रविवारी आली नव्हती ना, ते आधी तपासा.

आणखी एक अडचण घरचीच आहे. २०२५ मध्ये अनेकांनी दिवाळी २० ऑक्टोबरला केली, तर महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाची सुट्टी २१ ऑक्टोबरला होती. बोर्डापुढे गुजराती मंडळी एक तारीख सांगतील, तेलुगू मंडळी दुसरी आणि आपण नरकचतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंतचा हिशेब मांडू, तर सदस्य हसतमुखाने ऐकतील आणि विषय समितीकडे पाठवतील. आधी सर्व मंडळांनी एकत्र बसून पुढच्या दोन-तीन वर्षांच्या तारखा लेखी ठरवाव्यात. वेळापत्रक पुष्कळ आधी मंजूर होते, तेव्हा ज्या वर्षाची सुट्टी हवी त्याचा मसुदा केव्हा येतो हे आजच विचारा. तोपर्यंत मुलांचे नुकसान नको, म्हणून हेही लक्षात असू द्या की इलिनॉयमध्ये धार्मिक सणासाठीची गैरहजेरी माफ असते आणि त्या दिवशीची परीक्षा मुलाला नंतर देता येते.

प्रश्न: मी साताऱ्याची, सहा महिने लेकाकडे आले आहे. नातवाला रोज शाळेत पोचवते. शाळेसमोरचा रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. मला इंग्रजी बोलता येत नाही. मराठीत बोलले तर चालेल का?
(एक आजी, सध्या फ्रिस्को, टेक्सास)

उत्तर: आजी, मराठीत बोलता येईल. टेक्सासने २०१९ मध्ये केलेल्या कायद्यात दुभाष्याच्या मदतीने बोलणाऱ्याची सोय आहे: एकीकडे भाषण आणि एकीकडे कानात भाषांतर अशी यंत्रणा बैठकीत नसेल, तर अशा वक्त्याला निदान दुप्पट वेळ द्यावा लागतो. कॅलिफोर्नियातही जवळजवळ असाच नियम आहे. दुभाषा डिस्ट्रिक्ट देईल का ते आधी विचारावे. नाहीतर चिरंजीवांनी शेजारी उभे राहून वाक्यावाक्याला सांगितले तरी पुरते. नियम तीन मिनिटांचा असेल तर सहा मिळतील, त्यांतली आपली तीनच समजा, आणि ‘सातारची आहे’ इथपासून सुरुवात न करता थेट रस्त्यापासून करा.

मात्र टेक्सासमध्ये एक मेख आहे. तेथील कायदा विषयपत्रिकेवरच्या मुद्द्यांवरच बोलू देण्याची सक्ती करतो. रस्ता ओलांडण्याचा विषय त्या महिन्याच्या पत्रिकेवर नसेल तर आपल्याला वेळ द्यायचा की नाही, हे त्या बोर्डाच्या स्वतःच्या नियमांवर ठरेल. इतर विषयांसाठी काही बोर्डे वेगळा वेळ ठेवतात. शिवाय शाळेसमोरचा रस्ता आणि तेथील क्रॉसिंग गार्ड, म्हणजे मुलांना रस्ता ओलांडायला मदत करणारे कर्मचारी, हे पुष्कळ ठिकाणी शहराच्या किंवा पोलीस खात्याच्या अखत्यारीत असतात, शाळेच्या नव्हे. लेकाला आधी मुख्याध्यापकांच्या कार्यालयात एक फोन करायला सांगा. तो रस्ता शहराकडे असेल तर आपले भाषण सिटी कौन्सिलसाठी राखून ठेवा, तेथेही हाच दुप्पट वेळेचा नियम लागू आहे.

प्रश्न: मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मला मत नाही, मग बोलण्याचा अधिकार आहे का? फॉर्मवर घरचा पत्ता मागतात, तो मोठ्याने सांगायचा का?
(एक वाचक, बे एरिया, कॅलिफोर्निया)

उत्तर: मत देणे आणि बोलणे यांचा संबंध नाही. ब्राउन कायदा ‘जनतेतील व्यक्ती’ असे म्हणतो, नागरिक असे म्हणत नाही. आणि देशात राहणाऱ्या परकीयांनाही अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्येच म्हटले आहे. मताच्या बाबतीतही एक अपवाद आपल्या जवळच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २०१६ मध्ये संमत केलेल्या प्रस्तावामुळे तेथे राहणाऱ्या, नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मतदान करता येते. त्यासाठी वेगळी नोंदणी असते. ती काळजीपूर्वक समजून घेतल्याशिवाय, आणि इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कोणत्याही मतदार अर्जावर सही करू नका, कारण नियमबाह्य मतदानाचे परिणाम व्हिसाधारकाला फार जड जातात.

कॅलिफोर्नियात बैठकीला हजर राहण्यासाठी नाव लिहिण्याची सक्ती करता येत नाही. वक्त्यांना पुकारण्यासाठी चिठ्ठीवर नाव मागणे सोयीचे असते, पण पत्ता भरसभेत सांगण्याची गरज नाही. पेनसिल्व्हेनियातील पेन्सबरी डिस्ट्रिक्टची तशी अट संघीय न्यायालयाने २०२१ मध्ये स्थगित केली. शाळेचे किंवा भागाचे नाव सांगितले तरी पुरे. मुलाचे नाव आणि इयत्ता मात्र शक्यतो उच्चारू नका: हे चित्रीकरण संकेतस्थळावर वर्षानुवर्षे राहते आणि मुलाचे वर्गमित्रही ते पाहतात.

प्रश्न: बैठकीचे मोबाइलवर चित्रीकरण केले, फलक धरला किंवा टाळ्या वाजवल्या तर बाहेर काढतात का?
(दोन वाचक, न्यू जर्सी व कॅलिफोर्निया)

उत्तर: चित्रीकरणाचा हक्क दोन्ही राज्यांत आहे, न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो २००७ मध्ये वाजवी निर्बंधांसह मान्य केला आणि ब्राउन कायद्यात तो लिहिलेलाच आहे. फलकाने मागच्यांची दृष्टी अडत असेल तर तो बाजूला धरायला सांगणे योग्य. बाहेर काढण्यासाठी कामकाजात खरोखर अडथळा यावा लागतो, तो येईल अशी भीती पुरत नाही. सांताक्रूझ शहराविरुद्धच्या २०१० च्या निकालात हे ठसठशीतपणे आले आहे. कॅलिफोर्नियात २०२२ च्या दुरुस्तीनुसार, बळाचा वापर किंवा धमकी नसेल, तर आधी ताकीद द्यावी लागते. ताकीद मिळाली की मात्र बसा, वाद नंतर लेखी घाला.

प्रश्न: मी त्याच डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षिका आहे आणि माझा मुलगाही तेथेच शिकतो. ग्रंथालयांच्या कपातीविरुद्ध मी बोलू शकते का, की नोकरी धोक्यात येईल?
(एक शिक्षिका, इलिनॉय)

उत्तर: या प्रश्नावरचा पायाभूत निकाल आपल्याच राज्यातून आला आहे. विल काउंटीतील शिक्षक पिकरिंग यांनी बोर्डाच्या कर्जरोख्यांच्या प्रस्तावांवर आणि खेळांवरच्या खर्चावर टीका करणारे पत्र वृत्तपत्राला लिहिले, त्यावरून त्यांना काढून टाकले, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई घटनाबाह्य ठरवली. पुढे १९७६ मध्ये विस्कॉन्सिनमधील मॅडिसन डिस्ट्रिक्टच्या खटल्यात असेही ठरले की सर्वांसाठी खुल्या असलेल्या बैठकीत, वाटाघाटी चालू असलेल्या विषयावरही, संघटनेचा प्रतिनिधी नसलेल्या शिक्षकाला बोलण्यास मनाई करता येत नाही. २००६ च्या एका निकालाने मात्र एक सीमा आखली: कामाचा भाग म्हणून केलेल्या वक्तव्याला हे संरक्षण नाही.

म्हणून शाळेच्या वेळेबाहेर, शाळेचे ओळखपत्र गळ्यात न अडकवता जा. ‘मी या गावची रहिवासी आणि पालक म्हणून बोलत आहे’ हे पहिलेच वाक्य असू द्या आणि कपातीचे आकडे जाहीर अंदाजपत्रकातूनच घ्या. वर्गातल्या मुलांविषयी, सहकाऱ्यांविषयी किंवा नोकरीमुळेच कळलेल्या कोणत्याही गोष्टीविषयी एक शब्दही नको. संघटनेच्या प्रतिनिधीला आदल्या दिवशी कळवून ठेवा. परवानगी लागत नाही, पण दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावले तर सोबत कोणीतरी असावे.